अर्धी गुंज आणि परार्ध

पनवेलच्या बाजारात ओळखीच्या एका सराफाच्या पेढीवर मी परवा तांदूळ घेऊन गेलो. घरच्या डब्यातले जाडे दाणे, मोजून शंभर. सोन्याच्या काट्यावर टाकले तसा आकडा जरा मागेपुढे हलला आणि दोन ग्रॅमच्या आसपास थांबला. म्हणजे एक दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा. त्यातले तीन दाणे मी बाजूला काढले. सराफांनी नजरेनेच अंदाज बांधला, "ही अर्धी गुंज झाली." त्यांचा हिशेब बरोबर होता. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. 96 गुंजांचा 11.66 ग्रॅमचा तोळा. एक गुंज 121 मिलिग्रॅमची, अर्धी म्हणजे साठाची.

मला ही अर्धी गुंज हाताने धरून बघायची होती. त्वचेच्या लिम्फोमावर, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगावर, मोगॅम्युलिझुमॅब नावाचं एक औषध देतात. ते प्रतिकारशक्तीच्या वाटेने काम करणारं, प्रतिपिंडाचं औषध आहे. त्याची मात्रा वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एका वेळेला 60 मिलिग्रॅम, सलाइनमध्ये मिसळून, तासाभरात शिरेतून. पहिले चार आठवडे दर आठवड्याला, मग पंधरवड्यातून एकदा. एका वेळेचं औषध म्हणजे तळहातावरचे हे तीन दाणे.

आता त्या तीन दाण्यांएवढ्या औषधात रेणू किती, ते मोजू. प्रतिपिंडाचा एक रेणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा सुमारे दीड लाख पट जड असतो. शाळेत शिकलेला ॲव्होगाड्रोचा आकडा घेऊन भागाकार केला की उत्तर येतं 24 आणि पुढे सोळा शून्यं. कोटी-अब्जांत हे सांगायला गेलं की जीभ अडखळते. पण आपल्याकडे या आकड्याला नाव आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लीलावतीत दशमान स्थानांची नावं दिली. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, आणि शेवटचं परार्ध. एकावर सतरा शून्यं. लहानपणी ही यादी पाठ करताना वाटायचं, एवढं मोजायचं तरी काय असतं जगात? अर्ध्या गुंजेत दोन परार्ध आणि चार मध्य एवढे रेणू बसतात. लीलावतीची यादी जिथे संपते, तिथे या औषधाची एक मात्रा सुरू होते.

सेकंदाला एक रेणू या वेगाने कोणी मोजत बसलं तर 760 कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं आहे. एक रेणू साधारण दहा नॅनोमीटरचा. सगळे एका ओळीत मांडले तर ओळ 24 लाख किलोमीटरची होईल. आमच्या कळंबोलीहून पुण्याकडे निघणारा द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. त्या रस्त्यावर ही ओळ पंचवीस हजारांहून अधिक वेळा अंथरता येईल.

त्या यादीतला एक शब्द मला फार दिवस छळतो आहे. अर्बुद. गणितात अर्बुद म्हणजे दहा कोटी. सुश्रुताच्या वैद्यकात अर्बुद म्हणजे शरीरात वाढलेली गाठ, आणि मराठी वैद्यकीय परिभाषेतही ट्यूमरला अर्बुदच म्हणतात. दोन अर्थ एका शब्दात कसे आले, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावं. पण एक ग्रॅमच्या गाठीत साधारण एक अब्ज पेशी असतात, हा वैद्यकातला जुना ठोकताळा लावला, तर एक अर्बुद पेशींची गाठ भरते ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढी.

आता रोगाकडे येतो. आपली त्वचा अंथरली तर पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास भरते, एकेरी पलंगाच्या चादरीच्या निम्मी. तिच्यात पहाऱ्याला टी-पेशी असतात. बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात रेचल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्यांची मोजदाद केली. निरोगी माणसाच्या त्वचेत सुमारे 2,000 कोटी टी-पेशी निघाल्या. दोन खर्व. रक्तात फिरणाऱ्या सगळ्या टी-पेशींच्या जवळपास दुप्पट. तोवर सगळ्यांची समजूत होती की पहारा मुख्यतः रक्तात चालतो. सेकंदाला एक पेशी मोजत आज दोन खर्वांपर्यंत पोचायचं असेल, तर मोजणाऱ्याला बहमनी राजवटीत सुरुवात करावी लागली असती. आणि या सगळ्या पहारेकऱ्यांचं मिळून वजन? चार ग्रॅमसुद्धा नाही.

यातल्या प्रत्येक टी-पेशीच्या अंगावर एक ग्राहक असतो. शत्रू ओळखायचं ते तिचं खास कुलूप. जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून ते तयार होतं आणि त्याचे सैद्धांतिक प्रकार अंत्याच्या, म्हणजे एकावर पंधरा शून्यांच्या घरात जातात. एवढी विविधता आहे म्हणून तर आजवर कधी न पाहिलेला विषाणूही कोणत्या तरी पेशीला ओळखू येतो. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमात नेमकं हेच बिघडतं. या खर्वांतली एक पेशी बिघडते आणि स्वतःच्या प्रती काढत सुटते. एकच कुलूप, लाखो-कोटी वेळा. कुंपणच शेत खायला लागतं. यापेक्षा नेमकं वर्णन मला सुचत नाही, कारण त्वचा हे कुंपण आहे आणि टी-पेशी त्याच्या राखणदार.

या रोगाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. नाव बुरशीचं, पण बुरशीशी संबंध नाही. 1806 मध्ये अलिबेर या फ्रेंच वैद्याने एका रुग्णाच्या अंगावर अळिंबीसारख्या गाठी पाहिल्या आणि ते नाव चिकटलं. सुरुवात मात्र गाठींनी होत नाही. कंबरेखाली, मांड्यांवर, काखेजवळ, जिथे ऊन लागत नाही आणि माणूस सहसा कोणाला दाखवत नाही अशा जागी चट्टा उठतो. खाज येते. नायटा समजून मलम लावलं जातं, मग इसब समजून दुसरं, मग सोरायसिस समजून तिसरं. चट्टा कमी होतो, परत येतो. अशात वर्षं जातात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत या रोगाचा एक फिकट प्रकार जास्त दिसतो. पांढुरके डाग, अगदी कोडासारखे. आणि डाग पांढुरका म्हटला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात आणखी एक शब्द येतो, जो ते मोठ्याने उच्चारत नाहीत. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. डागाचं भय माणसाला घरापासून किती लांब नेऊ शकतं, हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. कुष्ठाच्या डागाची संवेदना बहुधा गेलेली असते, लिम्फोमाच्या डागाची सहसा जात नाही. पण दोन्हींत खरा निवाडा तपासणीनेच होतो, आणि डाग लपवून ठेवला तर तो निवाडा लांबतच जातो.

रोग किती दुर्मीळ? अमेरिकेत 1973 ते 2002 या काळातल्या नोंदींवरून दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण 6.4 नवे रुग्ण असा हिशेब निघाला. पनवेल महापालिकेच्या हद्दीत 2011 च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांहून थोडे अधिक लोक होते. तोच दर इथे जसाच्या तसा लावला तर वर्षाला तीन माणसं. पाच लाखांत तीन. बहुतेकांचा रोग चट्ट्यांच्या अवस्थेतच वर्षानुवर्षं राहतो. मलमांवर आणि प्रकाशोपचारांवर आटोक्यात असतो आणि आयुष्य फारसं कमी करत नाही. पण ज्यांचा रोग पुढे सरकतो, रक्तात उतरतो, सगळं अंग लाल करून रात्र रात्र झोपू देत नाही, त्यांच्यासाठी ती अर्धी गुंज.

तिचं काम असं चालतं. बिघडलेल्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीसीआर-4 नावाचं एक प्रथिन बरंच असतं. प्रतिपिंड त्याला जाऊन चिकटतो. पण तो स्वतः मारेकरी नाही, तो फक्त खूण करतो. ती खूण पाहून शरीराच्या नॅचरल किलर पेशी येतात आणि खुणेच्या पेशीला भोक पाडतात. या औषधाच्या जपानी निर्मात्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. प्रतिपिंडाच्या शेपटाकडे फ्युकोज नावाची एक साखर असते, ती त्यांनी वगळली. रेणूच्या एकूण वजनाचा जेमतेम पाचशेवा भाग. पण ती नसली की नॅचरल किलर पेशीची पकड कितीतरी पटींनी घट्ट होते. स्वयंपाकात कधी कधी एक जिन्नस न घातल्यानेच पदार्थ साधतो, तसं हे.

त्वचेतल्या दोन खर्व टी-पेशींना हे औषध सारखं वाटलं, चांगल्या-वाईट सगळ्यांना, तर दर पेशीच्या वाट्याला येतात सव्वा कोटीच्या आसपास प्रतिपिंड. एका चोरामागे सव्वा कोटी शिपाई. मग रोग समूळ जायला हवा की नाही? या औषधाची मोठी चाचणी 11 देशांत, 372 रुग्णांवर झाली. मोगॅम्युलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी 28 टक्क्यांचा रोग ठरलेल्या निकषांइतका ओसरला. जुन्या व्होरिनोस्टॅट या औषधावर तेच प्रमाण होतं 5 टक्के. रोग पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मधला काळ 3.1 महिन्यांवरून 7.7 महिन्यांवर गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये मंजुरी दिली ती याच आकड्यांवर.

मी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचले. एका पारड्यात परार्ध, दुसऱ्या पारड्यात साडेचार महिने. निराश व्हावं असं वाटतं, पण साडेचार महिने म्हणजे गणपती ते संक्रांत. सतत खाजवून चादरीला रक्त लागणाऱ्या माणसाला त्या काळात झोप लागत असेल, तर ते साडेचार महिने कोणत्याही तागडीत हलके नाहीत.

मग अडतं कुठे? संख्येत तर नाही. काही बिघडलेल्या पेशी सीसीआर-4 अंगावर मिरवतच नाहीत, म्हणजे खूण करायला जागाच नाही. काही ठिकाणी मारायला येणाऱ्या नॅचरल किलर पेशीच रोगाने आणि आधीच्या उपचारांनी थकलेल्या असतात. सव्वा कोटी खुणा केल्या तरी हात उगारणारं कोणी तरी लागतं.

प्रतिकारशक्तीच्या वाटेने जाणारी याहून जुनी औषधंही आहेत. 1984 मध्ये अमेरिकेत 20 रुग्णांना इंटरफेरॉन दिलं गेलं, तेही प्रचंड मात्रेत, त्वचेच्या दर चौरस मीटरमागे पाच कोटी युनिट, आठवड्यातून तीनदा. नऊ जणांना फरक पडला. कोटीच्या आकड्याने दचकू नये. इंटरफेरॉनची 30 लाख युनिटं वजनाला 10 ते 15 मायक्रोग्रॅम भरतात. तांदळाच्या एका दाण्याएवढ्या इंटरफेरॉनमध्ये 30 लाख युनिटांची दीड हजार इंजेक्शनं होतील.

बोस्टनच्या ज्या त्वचाविभागात त्या दोन खर्व पेशी मोजल्या गेल्या, तिथेच टी-पेशींवर काम केलेले एक संशोधक पुढे पवईला आले. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार. टी-पेशी रुग्णाच्या रक्तातून काढायच्या, त्यांच्यात नवं जनुक घालून नवं कुलूप बसवायचं, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि परत रुग्णालाच द्यायची, ही कार-टी पद्धत भारतात उभी करायची हे त्यांनी मनावर घेतलं. टाटा मेमोरियलचे हसमुख जैन आणि गौरव नरुला त्यांच्या जोडीला होते. केंद्र सरकारच्या बायरॅककडून 19.15 कोटी रुपये मिळाले. आणि 4 जून 2021 रोजी भारतातली पहिली कार-टी मात्रा दिली गेली ती खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये. पनवेल तालुक्यात, आमच्या स्टेशनापासून लोकलने तिसऱ्या स्थानकावर, टाटा मेमोरियलच्या साठ एकरांच्या आवारात. कोविडची दुसरी लाट तेव्हा नुकती ओसरत होती. गावातल्या कोणालाही त्या दिवशी कळलं नसेल की आपल्या तालुक्यात काय घडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये नेक्सकार-19 या नावाने त्या उपचाराला देशात परवाना मिळाला. चाचण्यांत 73 टक्के रुग्णांचा रोग ओसरला, आणि हे असे रुग्ण होते ज्यांच्यावर आधीचे उपचार हरले होते.

इथे पुन्हा तांदूळ काढतो. अमेरिकेत आधी आलेल्या किमरिया या कार-टीची लिम्फोमासाठीची मात्रा 6 कोटी ते 60 कोटी पेशी अशी आहे. म्हणजे अर्बुदाच्या अलीकडे-पलीकडे. अर्बुदावर अर्बुद. एक सक्रिय टी-पेशी दहा मायक्रॉनची धरली तर एक अर्बुद पेशींचं वजन भरतं अडीच दाणे. पुन्हा तीच अर्धी गुंज, किंचित कमी! पण यावेळी आत परार्ध रेणू नाहीत, दहा कोटी जिवंत पेशी आहेत. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवलेली पिशवी कोमट पाण्यात धरून वितळवतात आणि काही मिनिटांत ती शिरेतून आत जाते. रेणू वाढत नाहीत, पेशी वाढतात. फिलाडेल्फियाच्या सुरुवातीच्या रुग्णांत त्या शरीरात गेल्यावर हजार पटींहून अधिक वाढल्या होत्या, आणि दिलेल्या प्रत्येक पेशीमागे, तिच्या पिल्लावळीसकट, कर्करोगाच्या किमान हजार पेशी मारल्या गेल्या असा हिशेब 2011 मध्ये निघाला. परार्ध शिपाई जिथे कमी पडतात तिथे अर्बुदभर पुरतात, ते यामुळे.

मग खारघरचं हे औषध त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाला का देत नाहीत? कारण ते बी-पेशींच्या अंगावरचं सीडी-19 ओळखतं. शरीरातल्या सगळ्या बी-पेशी गेल्या तरी माणूस तगतो, बाहेरून प्रतिपिंड देता येतात. टी-पेशी सगळ्या गेल्या तर साधा विषाणूही जीव घेतो. शिवाय टी-पेशीला टी-पेशी मारायला सांगितलं तर शस्त्रं आधी एकमेकींवरच चालतात. पिशवी भरण्याआधीच फौज संपते. यादवी म्हणतात ती हीच.

यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2017 मध्ये जी युक्ती मांडली ती वाचून मी उठून उभा राहिलो होतो. टी-पेशीच्या कुलपाची एक साखळी दोनपैकी एका जनुकावरून बनते. प्रत्येक पेशी दोहोंतलं एकच निवडते. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, साधारण दोन-तीन असं प्रमाण. पण कर्करोग एकाच पेशीपासून वाढलेला असल्याने तो सगळाच्या सगळा एका प्रकारचा असतो. मग फक्त तेवढा प्रकार मारायचा. चांगल्यातल्याही बऱ्याच जातात, पण दुसऱ्या प्रकारच्या राहतात आणि त्यांच्या जोरावर माणूस जगतो. खर्वावधी पेशींचा प्रश्न दोनांतल्या एकाच्या निवडीवर आणून ठेवला! माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.

पैशांचे आकडे राहिले. किमरिया 2017 मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा किंमत होती 4,75,000 डॉलर, त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपये. नेक्सकार-19 ची किंमत 40 लाखांच्या घरात सांगितली गेली. मोठा फरक आहे आणि तो इथल्या लोकांच्या कष्टाचा आहे. 30 कोटी पेशींची मात्रा धरली तर पेशीमागे दीड पैशाहूनही कमी पडतो. पण पेशी विकत घेत नाही कोणी, घर घेतं. 40 लाख म्हणजे कामोठ्यात किंवा करंजाड्यात संसार मांडलेल्या कुटुंबासाठी डोक्यावरचं छप्परच. विमा आणि सरकारी योजना इथवर पोचायलाच हव्यात, त्याशिवाय देशात औषध बनलं या वाक्याला अर्थ नाही.

आणि या सगळ्याच्या आधी निदान. त्यासाठी त्वचेचा तुकडा काढतात, चार मिलिमीटरच्या पंचने. जागा बधिर करतात, पेनाच्या टोपणासारखं गोल पातं दाबून फिरवतात, एखादा टाका घालतात. सगळ्या त्वचेच्या सव्वा लाखाव्या भागाहूनही लहान जागा. निरोगी त्वचा असती तर तेवढ्यात सव्वा-दीड लाख टी-पेशी निघाल्या असत्या, नाना तऱ्हांच्या कुलपांच्या. प्रयोगशाळेत बघायचं ते एवढंच, की गर्दीतलं एकच कुलूप पुन्हा पुन्हा येतं आहे का. पहिल्या तुकड्यात नेहमी कळतंच असं नाही. कधी वर्षभराने दुसरा काढावा लागतो, कधी तिसरा. मग तो मेणात बसवलेला ब्लॉक आणि काचपट्ट्या प्लास्टिकच्या डबीत घालून, डबी पिशवीत, पिशवी मांडीवर घट्ट धरून कोणी तरी पनवेलला लोकलमध्ये बसतं. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर.

सराफाच्या पेढीवरून परतताना मी त्या तुकड्याचाही हिशेब केला. चार मिलिमीटर व्यास, पाचेक मिलिमीटर खोली. साठ मिलिग्रॅम. अर्धी गुंज.